ओलिसासाठी ओलीस

थाल्मीरच्या किल्ल्यात मोर्दा परटिणीच्या तोंडातून सुटलेला माणूस नव्हता. तिने राजाच्या सदऱ्यांनाही नावं ठेवली होती. मी तिच्या हाताखाली अकरा वर्षं कपडे पिळले, म्हणून सांगते.

इल्वे आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. खालच्या दलदलीतल्या लोकांचा सरदार रूगेन, त्याची ही थोरली मुलगी. लढाई हरल्यावर त्याने राजा ओस्मरशी तह केला आणि हमी म्हणून पोर ओलीस दिली. बापाने शब्द मोडला तर मुलीचा जीव घ्यायचा, असं तहातच लिहिलेलं. राणीच्या दासींनी अंग काढून घेतलं. उद्या मरायची पोर, तिला जीव कोण लावणार? हात बदलत बदलत ती धुणीघरात मोर्दाच्या गळ्यात पडली.

तीन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मोर्दाने तिच्या पुढ्यातली जवाची भाकरी उचलली आणि स्वतःच खायला बसली. "तू उपाशी मेलीस तर तुझा बाप लढायला येणार," ती म्हणाली. "मग इतक्या शिपायांचे रक्ताने भरलेले कपडे कोण धुणार? मीच ना? जरा माझाही विचार कर गं." पोरीला आमची भाषा अर्धीमुर्धीच कळायची, पण तिने हात पुढे केला आणि उरलेली भाकरी मागून घेतली.

त्यानंतर ती आमच्यातलीच झाली. राखेच्या पाण्यात कपडे उकळायला शिकली, मोर्दाला मावशी म्हणायला लागली. नदीवर गेलो की पाण्याकडे बघून सांगायची, इथे आता गाळ बसणार, पुढच्या महिन्यात धुण्याचा दगड हलवावा लागेल. आणि खरंच हलवावा लागायचा. मोर्दा तिला दिवसातून दहा वेळा रागवायची आणि थंडीत स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकायची.

चौथ्या वर्षी बर्फ वितळून नदी भरली, तेव्हा दलदलीच्या तोंडाशी राजाच्या धान्याच्या पाच नावा बुडाल्या. सेनापती काव्हेकने दरबारात सांगितलं, रूगेनच्या माणसांनी पाण्याखाली खुंट रोवलेत, तह मोडलाय. इल्वेला दरबारात उभं केलं. मोर्दा धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन मागच्या दाराने आत शिरली, तिच्यामागून मी.

राजाने पोरीला विचारलं, तुला काही सांगायचंय का? तिने एकेक शब्द नीट जुळवून सांगितलं. पुरात नदी तिथे जागा बदलते, जुन्या वाटेवर गाळाचा बांध उभा राहतो. नावा त्यावर चढल्या असतील. खुंटाने फुटलेली फळी आणि गाळात मोडलेली फळी वेगळी दिसते. मला जाऊ द्या, मी फळ्या आणून दाखवते.

काव्हेक हसला. दलदलीत दहा पावलं गेली की ही कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणाला.

तेव्हा मोर्दाने गठ्ठा खाली ठेवला. "महाराज, ती येईपर्यंत मला ठेवा तिच्या जागी. नाही आली तर तिचं जे करणार होता ते माझं करा."

"परटिणीसाठी सरदाराची मुलगी परत येईल?" काव्हेकने विचारलं.

"ते मला नका विचारू. तिला विचारा."

कुणी विचारलं नाही. राजालाही लहान पोर मारायची नव्हती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने तीन दिवसांची मुदत दिली आणि योर्न नावाचा आपला म्हातारा नावाडी साक्षीला धाडला.

मोर्दाला इल्वेच्या खोलीत कोंडलं. मी जेवण घेऊन गेले तर ती पोरीचे फाटके मोजे शिवत होती. भीती वाटत नाही का, मी विचारलं. "वाटते की," ती म्हणाली. "पण ती आली नाही तर निदान घरी तरी पोचली असेल." आणि सुई माझ्याकडे दिली, कारण तिला दोरा ओवता येत नव्हता.

तिसऱ्या दिवसाची वाट बघावी लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच इल्वे कमरेपर्यंत चिखलात माखून आली. तिने आणलेल्या फळ्यांवर खुंटाची एकही खूण नव्हती, आणि योर्नने तो बांध काठीने चाचपून बघितला होता. त्यानेच आम्हाला सांगितलं, वाटेत तिच्या घराचा धूर दिसत होता. धाकटा भाऊ काठावरून हाका मारत होता. ती वल्हं गाळात रुतवून बराच वेळ बसली, रडली, मग भावाला ओरडून म्हणाली, मावशी थांबलीय, आणि तिने नाव वळवली.

राजाने तहातली जीव घेण्याची अट त्याच दिवशी खोडून टाकली. दलदलीतले नावाडी आता आमच्या नावांना वाट दाखवतात, कुणाचं मूल तारण न ठेवता.

ओलीस राहायची मुदत संपल्यावर इल्वे सोळाव्या वर्षी घरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिने मोर्दाला बोलावलं. मोर्दा साठीत पहिल्यांदा नावेत बसली, वाटभर ओकली, महिनाभर राहिली, आणि परत आल्यावर आठवडाभर आम्हाला ऐकवत होती की त्या लोकांना कपडे पिळायचं अजिबात कळत नाही.