टू, इंग आणि हस्ताची पेरणी

भूमच्या स्टँडवर आम्ही एसटीत चढलो तेव्हा सासूबाई खालून म्हणाल्या, "पाऊस पडला की माघारी या." बाहत्तरचा दुष्काळ होता. जातं न्यायला कंडक्टरनं नाही म्हटलं, म्हणून ते सासूबाईंजवळच ठेवलं. मला रडू आलं नाही. तहान लागली होती.

सोलापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात आमच्या मालकांना, सुनंदाच्या बापाला, गेटवर काम लागलं. एका खोलीचं क्वार्टर मिळालं, त्यात नळ होता. तिकडं राहिलेले तुम्ही म्हणता, दुष्काळानं यांना नेलं. नेलं खरं. पण पुढं पाऊस पडला, तरी आम्ही आलो नाही. ते सुनंदाच्या इंग्रजीमुळं.

सुनंदा माझी थोरली. मॅट्रिकला एकट्या इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरला पास झाली तर मास्तरणीचा कोर्स, नाहीतर लग्न, असं मालकांनी ठरवलं होतं.

आपण 'खायला आवडतं', 'जायला पाहिजे' म्हणतो, तशी ती प्रत्येक इंग्रजी क्रियापदापुढं 'टू' लावायची. शेजारच्या क्वार्टरमधल्या गुरुजींनी सांगितलं, 'वॉन्ट'पुढं टू, 'एन्जॉय'पुढं इंग. मी कारण विचारलं.

"कारण न्हाय, वहिनी. पाठ करायचं."

हे मला पटलं. सासरी कुणापुढं पदर घ्यायचा आणि कुणापुढं नाही, हे मी असंच पाठ केलं होतं.

मी चौथी शिकलेली. पण गुरुजींचं ऐकून ऐकून शब्द पाठ झाले, अर्थ एकाचाही माहीत नव्हता. भाकरी थापताना मी तिला विचारायचे.

"होप?"

"टू."

"अव्हॉइड?"

"टू."

"अजून एकदा टू म्हण, भाकरी न्हाय मिळायची."

"आये, तुला तरी काय कळतंय त्यातलं?"

"तू चुकलीस, एवढं कळतंय."

पेपर तोंडावर आला आणि मोठे दीर गावाहून आले. हस्ताचा पाऊस चांगला झाला होता. "रान वापशावर आलंय," ते मालकांना म्हणाले. "ज्वारी पेरायचीय, समदे चला. कायमचेच चला. न्हायतर तुझा वाटा मीच पेरतो अन् मीच खातो." मालकांनी ट्रंक बाहेर काढली. इंग्रजीचं पुढं बघू, म्हणाले.

मोठ्या दिरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर घेतला आणि दारात उभी राहिले.

"दादा, तुमी दोघं जावा. मी अन् पोरगी न्हाय येत."

"पोरीच्या टू-फूपायी रान सोडता व्हय?"

"रान कुणीबी पेरंल. पेपर तिलाच लिहायचाय."

मालक एकटे गेले. पेरून परत आले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या सालापासून आमचा वाटा दिरांनी पेरला तो कायमचाच. सुनंदा पास झाली, काठावर.

तिला नोकरी लागली ती भूमजवळच्या वाशीला, आपल्याच मुलखात. आता रिटायर होऊन तिथंच राहते. "आये, ये आता इकडं," म्हणते. मी जाते, चार दिवस राहते आणि परत येते. मालक गेले, क्वार्टर सुटलं. त्याच्या पलीकडंच बांधलेल्या दोन खोल्यांत मी एकटी असते.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर तोंडात अजून गावाचंच नाव येतं. पण गावाकडच्या घराच्या सोप्यात मी अजून पदर सावरून, गप्प बसते. इथं, त्या क्वार्टरच्या दारात उभी राहून मी 'न्हाय येत' म्हणाले होते. मला तेवढंच घर पुरतं.