शकुंतलाताईंची चारशे बारा घरं

झाशीत दतिया गेटजवळच्या ज्या छापखान्यात मी लग्नपत्रिका करते, तिथे माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर शकुंतलाताई टेंबे बसतात. वय एकोणसाठ. नवऱ्याच्या आजारपणात नोकरीला लागल्या. नवरा गेला, नोकरी राहिली. बाकी सगळ्यांसाठी त्या ‘ताईजी’. माझ्याशी मात्र मराठीतच बोलतात. मी चुकून हिंदीत उत्तर दिलं, तर तेच मराठीत म्हणेपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

झाशी, बबीना आणि बरुआसागर इथल्या मराठी कुटुंबांची सूची दर पाच वर्षांनी निघते. माहिती गोळा करतात नारायणराव बखले, एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. ते एक्सेलची शीट पाठवतात आणि शकुंतलाताई तिचा तक्ता करून पानांवर लावतात. गेल्या खेपेला त्यांनी हे सगळं हातानं केलं. तिसऱ्या पानावर एक घर वाढलं, की पुढची चाळीस पानं सरकायची, रकान्यांची शीर्षकं पानाच्या मधोमध यायची. दुरुस्त्या तर रोज. तक्ता अकरा वेळा नव्यानं लावला, आणि नंतर दोन महिने त्यांच्या मनगटाला पट्टा होता.

म्हणून या वर्षी शीट यायच्या आधीच त्या कामाला लागल्या. पानं लावायच्या प्रोग्रामला सूचना लिहून देता येतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून, इंग्रजी शब्दांचे अर्थ वहीत लिहून घेत त्या शिकत होत्या. तीन आठवडे तक्ता कधी एकाच पानावर कोंबला जायचा, कधी येतच नव्हता. शीट आल्यावर एका मंगळवारी त्यांनी मला हाक मारली.

“आभा, जरा इकडे बघ गं.”

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पानामागून पान तयार होत गेलं. प्रत्येक पानावर शीर्षकं जागच्या जागी, एकही घर दोन पानांत तुटलेलं नाही. मिनिटभरात चव्वेचाळीस पानं. शकुंतलाताई हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा करू?” आणि त्यांनी पुन्हा केलं.

त्यानंतर नारायणराव दिवसातून तीनदा नवी शीट पाठवू लागले, तरी त्या हसून बटण दाबत.

पण तक्ता मशीननं केला म्हणून त्यांनी वाचायचा सोडला नाही. एका दुपारी वाचता वाचता बरुआसागरच्या पानावर थांबल्या.

“यमुनाबाई आठल्ये कुठे गेल्या?”

शीटमध्ये चारशे बारा घरं होती, तक्त्यात चारशे तीन. त्यांनी गाळलेली घरं शोधून काढली. नऊच्या नऊ घरी एकटी बाई राहत होती. नारायणराव शोभेसाठी दोन मोहल्ल्यांच्या मध्ये रिकामी ओळ सोडत. म्हणून शकुंतलाताईंनीच सूचना लिहिली होती, की ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना रिकामा असेल ती ओळ वगळावी. या नऊजणींचा तो रकाना रिकामा होता. त्यांची नावं शेवटी, ‘इतर सदस्य’मध्ये होती.

त्यांनी नारायणरावांना फोन लावला.

“तिथे दिवंगत यजमानांची नावं टाका,” नारायणराव म्हणाले. “मागच्या सूचीत तसंच होतं.”

“मागच्या वेळी मी न बघता टाकली असतील. यमुनाबाईंचे यजमान जाऊन सव्वीस वर्षं झाली, नारायणराव.”

“मग काय लिहायचं म्हणता?”

“त्यांना विचारते.”

फोनवर विचारता आलं असतं, पण यमुनाबाईंना ऐकू कमी येतं. रविवारी आम्ही दोघी बसनं बरुआसागरला गेलो. यमुनाबाई अंगणात आलं वाळत घालत होत्या. शकुंतलाताईंनी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं.

“हे घर चालवतं कोण?” यमुनाबाईंनी विचारलं.

“तुम्ही.”

“मग माझं लिही. यमुना लिही, यमुनाबाई नको. ‘बाई’ तर लोक म्हणतात.”

निघताना त्यांनी आल्याची एक पिशवी माझ्या हातात दिली आणि शकुंतलाताईंकडे बोट दाखवून मला हिंदीत म्हणाल्या, “बिटिया, इसका खयाल रखना.”

परतीच्या बसमध्ये शकुंतलाताई म्हणाल्या, “माझ्या घराचा रकाना मी भरला होता, बरं का. टेंबे गेले तरी त्यांचंच नाव.”

सोमवारी त्यांनी ‘कुटुंबप्रमुख’ काढून ‘घर कोणाचं’ असं शीर्षक केलं, त्याखाली नऊजणींची स्वतःची नावं घातली आणि नारायणरावांना पानं पाठवली. मला वाटलं, आता भांडण होणार. संध्याकाळी नारायणराव स्वतः छापखान्यात आले. चष्मा पुसत म्हणाले, “मग माझ्या घरासमोर बायकोचं, जानकीचंही नाव घ्या. सगळ्याच घरी दोघांची घेता येतील का? बायकांची नावं शीटमध्ये आहेतच.”

“पाच वर्षांपूर्वी हे विचारलं असतं, तर मी नोकरी सोडली असती,” शकुंतलाताई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

दीड दिवसात झालं. सूची अठ्ठेचाळीस पानांची निघाली. काही लोकांनी नव्या रकान्यावरून कुरकुर केली. एका गृहस्थांनी प्रत परत पाठवली, ती शकुंतलाताईंनी स्वतःसाठी ठेवून घेतली. त्यातल्या सदतिसाव्या पानावर आहे: शकुंतला टेंबे, दतिया गेट.