काकांच्या कुकरची शिट्टी

आमचे प्रल्हादकाका दरोडेखोर आहेत. हसू नका, ते स्वतःच तसं सांगतात. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात उभा जन्म गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात घालवलेला, सिग्नल पिवळा दिसला तरी थांबणारा हा माणूस. पण रिटायर होताना ऑफिसातल्या चिनी मित्राने एक जुनी चिनी कादंबरी इंग्लिशमधून भेट दिली आणि काका बिघडले ते बिघडलेच.

त्या कादंबरीत बंडखोरांची फौजच्या फौज आहे, एकेक नमुना. पण काकांना आवडला कोण? तर तळ्याकाठी खानावळ चालवणारा एक किरकोळ दरोडेखोर, ज्याला धड लढाईही वाट्याला येत नाही. सरकारने पिटाळलेला माणूस आधी त्याच्या दारात येतो. हा त्याला पोटभर जेवू घालतो आणि तळ्यावर शिट्टी वाजवत जाणारा बाण सोडतो. मग पलीकडून नाव येते आणि पाहुण्याला बंडखोरांच्या गडावर नेते.

"गिऱ्हाइकांना तो गुंगीचं औषधही घालतो," काका सांगतात. "तेवढं आपण गाळायचं."

बाण कुठून आणणार? काकांनी कुकर लावला. भारतातून कोणी नवीन त्यांच्याकडे उतरलं, की वरणभाताच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. खाली एक अक्षर लिहायचं नाही. ज्याला जमेल त्याने गाडी काढायची. कोणी गादी आणायची, कोणी थंडीचे कोट, कोणी अपार्टमेंट दाखवायला न्यायचं. या गावात गाडी नसलेला माणूस तळ्याच्या अलीकडेच अडकतो.

मी पण तशीच आले. खोली देणारी मैत्रीण ऐन वेळी फिरली, मी काकांच्या सोफ्यावर ढसाढसा रडत होते आणि हा गृहस्थ कुकरपुढे फोन धरून उभा! मला वाटलं, म्हातारा चळला. पण थोड्याच वेळात ग्रुपमधली राधिका दारात हजर, तिच्याच घरी मी पुढे राहिले. ती आली नसती तर मी परतीचं तिकीट काढलं असतं, खरंच सांगते.

मागच्या हिवाळ्यात काकांचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा वेदांत देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. तो म्हणाला, "बाबा, दॅट्स इट. घर विकू, माझ्याकडे चला." काकांना जायचं नव्हतं. आम्हाला ते दिसत होतं, पण बोलतील तर शपथ! गाडीवाचून अडतंय का विचारलं, की "छे, मस्त चाललंय." एकदा बर्फातून चालत दूध आणायला गेले आणि धाडकन आपटले. तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक फोन लावला.

"काका, जगाला नावा पाठवता, स्वतःसाठी एक मागायला काय धाड भरलीय?"

"खानावळवाल्याने बाण दुसऱ्यासाठी सोडायचा असतो, सावनी."

"मग जा सनीव्हेलला आणि बसा खिडकीत!" मी फोन कट केला आणि रडले. काका गेले असते तर मला इथे माहेर उरलं नसतं.

मार्चमध्ये वेदांत आला, घराच्या एजंटला भेटायला. त्याच शनिवारी सकाळी ग्रुपवर शिट्टी. मी चक्रावले. भारतातून तर कोणीच येणार नव्हतं! तशीच गाडी काढली.

काकांच्या ड्राइव्हवेमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याच्या कडेलाही गाड्याच गाड्या. ऋषी तर बिचारा गादी घेऊन आलेला. काका दारात उभे, कोट चढवून, हातात कापडी पिशवी. मागे वेदांत.

"कोण आलंय, काका?" राधिकाने विचारलं.

"कोणी नाही. मीच." काकांनी मान खाली घातली. "इंडियन स्टोअरला जायचं होतं. तूरडाळ संपलीय. कुकरमध्ये नुसतं पाणीच होतं."

मग एकदम गलका झाला, "मी नेतो", "माझ्या गाडीत बसा काका", "अरे, मी आधी आलोय!" वेदांत त्या गाड्यांकडे बघत राहिला. मग त्याने फोन काढला आणि एजंटची मीटिंग कॅन्सल केली.

काका मात्र डोळे पुसत आमच्यावरच खेकसले, "मूर्खांनो, एक नाव मागवली होती. आरमार कशाला आणलंत?"