सगुणामावशीच्या गोधडीतला लाल तुकडा

सगुणामावशी बाईचं तोंड नंतर पाहायची, आधी पदर. लग्न होऊन मी सावनेरहून नागपुरात आले, सक्करदऱ्याला आमची भाड्याची खोली होती. शेजारची ही बाई पहिल्याच दिवशी आत आली आणि माझा पदर चिमटीत धरून चुरायला लागली. मग वर बघून म्हणाली, "सावनेरची काय वं तू? लुगडं चांगलं हाये. पण कोरं हाये." मला असा राग आला! नवी नवरी कोरं लुगडं नेसणार नाही तर काय जुनेर नेसणार?

तिचा नवरा गिरणीत होता, तो वारल्यापासून ती लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरायची. चण लहानशी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, सुई कायम अंबाड्यात खोचलेली. गोधडीत नवं कापड ती कधी घालायची नाही. कोणी हौसेनं बाजारातून आणून दिलं तर परत करायची. "नवं कापड कोणाचंच नसते वं," ती म्हणायची. "अंगावर झिजलं की मंग ते माणसाचं होते."

तिची एकुलती एक मुलगी यमुना. जावई रेल्वेत, सारख्या बदल्या. यमुनेची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, आणि आता तिसऱ्या खेपेला तिला दिवस राहिले होते. आमच्याकडे अशा घरी जन्मलेल्या मुलाला मागून आणलेल्या चिंध्यांवर निजवतात. ज्या बाईची मुलं जगली आहेत तिच्या अंगावरचं कापड, आणि तेही तिनं आपल्या हातानं दिलेलं. एरवी गल्लीतल्या पाच घरी मागितलं की भागतं. मावशीचं भागेना. "जावई आज इथं, उद्या तिथं. पोर कोणत्या मुलखात निजंल काय ठाऊक? साऱ्याच मुलखाच्या बायांचा हात लागला पाहिजे त्याले," असं तिनं ठरवलं.

जन्मात ती काटोलपलीकडे गेली नव्हती, पण नागपुरात कोणत्या मुलखाचं माणूस नाही? स्टेशनातल्या बंगाली बाबूच्या बायकोनं लाल काठाचं पांढरं पातळ दिलं. तारऑफिसातल्या मद्रासी बाईनं चौकडीचं दिलं. लाकडाच्या वखारीतल्या गुजरातणीनं बांधणीचा तुकडा दिला. विटा वाहणाऱ्या एका छत्तीसगडी बाईनं तर उभ्या उभ्या पदराची पट्टी फाडून दिली, तेव्हा मावशी भर रस्त्यात तिच्या पाया पडली. एकेका मुलखाचा एकेक चौकोन, बारीक धावदोरा, आणि मधोमध मावशीचं स्वतःचं नागपुरी लुगडं.

मला मात्र तिनं मागितलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. एकदा नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुले नाही मागत वं पोरी. रागावू नको. लेकुरवाळीचंच लागते." माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, तेच मला जास्त लागलं.

आणि वर आठ दिवसांनी मलाच गळ घातली! "पंजाबचं तेवढं राहिलं. थे ठेकेदारीण बर्डीले राहते. तुले हिंदी येते, तू जाय ना." मी गेले. तिच्या बंगल्याच्या फाटकाशी पितळेची पाटी पाहिली आणि थबकले. माझं कापड चालत नाही, आणि मी हिच्यासाठी दारोदार चिंध्या मागू? वळले, बर्डीवरच्या दुकानातून हातभर लाल कापड घेतलं, घरी येऊन खळ काढली, चोळामोळा केलं आणि नेऊन दिलं. मावशीनं ते बोटांनी चुरलं. "मऊ नाही लागत वं." मी म्हणाले, "पंजाबी कापड जाडच राहते, मावशी." "असंन," ती म्हणाली आणि सुई काढली.

यमुनेला मुलगा झाला. बारशाच्या आधी गोधडी धुवायला मावशी तलावावर गेली, बरोबर मी होते. पहिल्याच पिळ्याला लाल पाणी निघालं. बंगालचं पांढरं, मद्रासची चौकडी, मावशीचं स्वतःचं लुगडं, सगळ्यावर ते ओघळलं. मावशी पाण्यातच बसली. "त्या ठेकेदारणीनं मनातून नाही देलं वं. हे काय दाखवून राहिला देव मले? याच्यावर निजवू लेकराले?"

एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, ते कापड मी विकत आणलं, नव्या कापडाचा रंग जातोच. एवढंच. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि बाळाला दुसरी गोधडी शिवली असती. माझी जीभ उचलली नाही.

तिनं ती गोधडी पेटीत घातली आणि कोणालाच काही सांगितलं नाही. अपशकुन बाळंतिणीच्या कानावर कसा घालायचा? बारशाला यमुनेची सासू टोमणा मारून गेली, "साऱ्या नागपुरातून चिंध्या जमवल्या, अन् नातवाले एक नाही!" यमुना जाताना आईशी धड बोललीसुद्धा नाही. तिची पत्रं मीच मावशीला वाचून दाखवायची. ती दोन ओळींवर आली, मग थांबली. बाजारात ठेकेदारीण दिसली की मावशी वाट बदलायची, आणि त्या बाईला तर मावशी कोण हेही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी साध्या तापानं मावशी गेली. नातवाला तिनं बारशानंतर पाहिलंच नाही.

मावशीच्या दिवसांना यमुना आली, पोरगा धडधाकट, घरभर पळत होता. पेटीच्या तळाशी तिला गोधडी सापडली. "वहिनी, एवढी केली होती आईनं! मंग मले काहून नाही देली?" ती एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली, मी सांगत गेले. हा बंगालचा, हा मद्रासचा. बोट लाल चौकोनावर आलं.

"अन् हा?"

"माझा," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

ती रडली नाही, भांडलीही नाही. मावशीची कात्री घेऊन तिनं टाका टाका उसवला आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. "बाकीची मी नेतो. हे तुमी ठेवा."

मला पुढे दोन मुलं झाली. दर दिवाळीला तो तुकडा मी धुते. त्याचा रंग आता जात नाही, हातालाही मऊ लागतो. कोणाच्याही गोधडीत चालेल असा झालाय, मावशी. आता मागायला ये.