कोकोला ताप आला

गगनबावड्याच्या पावसात शेवाळ जसं न लावता वाढतं, तसे आमच्या गटात किस्से वाढतात.

आमचे हे गेल्यानंतर, त्यांनी तिथंच सुपारीच्या सावलीत लावलेली कोकोची बाग माझ्याकडे आली. बागेबरोबर शेजारच्या कोकोवाल्या बायकांचा गटही आला. त्या दिवशी मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरी मेथी निवडत होते. गटाची अध्यक्ष सुशीला हिचा फोन आला.

"वैनी, चॉकलेट कंपनीचं साहेब येणार हायत! गट खरंच बायका चालवत्यात असं दिसलं, तर बिया घ्यायचा करार आमच्या नावानं. न्हायतर परत नवऱ्यांच्या!"

"चालवता ना तुम्ही?"

"चालवतो की! पण दिसाय पायजे न्हवं?"

दिसण्याचीच अडचण होती.

*

गटाचं पहिलं ट्रेनिंग फक्त बायकांसाठी होतं. शिकवायला आलेल्या कंपनीच्या मॅडमनी हजेरी घेतली. "सुशीला पाटील?"

"हजर!" मागून तिचे नवरे बाबूराव ओरडले.

"तुम्ही सुशीला?"

"न्हाय वो. तिला म्हशीची धार काढायची हाय. तवर मी हाय की!"

*

कोकोच्या बिया लाकडी खोक्यात, केळीच्या पानांखाली आंबवतात. खोकं आतून चांगलं गरम व्हावं लागतं. "पोटच्या पोरासारखं जपा," असं मॅडम सांगून गेल्या होत्या.

सुशीलाच्या सासूबाईंनी खोक्यात हात घातला आणि दचकल्या. घरात कुणी नव्हतं. त्यांनी पानं काढली आणि बियांवर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या!

सकाळपर्यंत ताप उतरला. मालही गेला.

"पोराला ताप आल्यावर काय गोधडी घालू व्हय?" सासूबाई उलट आमच्यावरच उखडल्या.

*

एकदा मॅडमनी आमच्याच बियांचं चॉकलेट आणलं. अगदी काळं, बिनसाखरेचं. गटातल्या लक्ष्मीबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"कसं आहे?"

"वरीसभर राबायचं आन् शेवटाला हे कडू? त्यापरीस संसार काय वाईट हाय!"

पुढच्या बैठकीला त्या गुळाचा खडा घेऊनच आल्या.

*

आता साहेबांच्या भेटीचं.

बैठक सुशीलाच्या घरी, पुढच्या सोप्यात असते. सोप्यात खुर्ची एकच, अध्यक्षांची. पण सासरे आत आले की सुशीला डोक्यावर पदर घेऊन उठायची आणि मामंजी खुर्चीत बसायचे. त्यांना अध्यक्षपद नको होतं. गुडघे दुखायचे, एवढंच.

साहेब आले त्या दिवशीही तसंच झालं. साहेबांनी सरळ खुर्चीतल्या माणसाला शाल पांघरवली. "अध्यक्षसाहेब, अभिनंदन!"

बाहेर धो धो पाऊस. मामंजींनी शाल घट्ट लपेटून घेतली.

साहेबांनी कागद पुढे केला. "इथं सही करा." मामंजींनी पेनही घेतलं!

मी सुशीलाकडे पाहिलं. सगळ्याच पाहत होत्या. तिने पदर नीट केला.

"मामंजी, उठा. ती माझी खुर्ची हाय."

त्या घरात त्यांना 'उठा' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"शाल बी काढू?"

"शाल ऱ्हाऊ द्या. पेन द्या."

सुशीला बसली. तिने सही केली. मग लक्ष्मीबाईंनी केली, मग आम्ही बाकीच्यांनी.

तेवढ्यात बाबूराव दारातून डोकावले. "अगं, पावण्यास्नी चा?"

सगळ्या बायकांनी बाबूरावांकडे पाहिलं. बाबूरावांनी मामंजींकडे पाहिलं.

करार झाला, साहेब गेले. चहा काही कुणी केला नाही.