डाव्या हाताची मूठ

मी गिटार शिकले ती मोर्च्यात. वेल्ह्याच्या तहसील कचेरीसमोर आम्हाला स्पीकरची परवानगी नव्हती, म्हणून डाव्या हाताने तारा करकचून दाबायच्या आणि उजव्याने झोडायच्या. स्टँडवरच्या एसट्यांच्या हॉर्नवरून गाणं पलीकडं गेलं पाहिजे. पोचलं म्हणजे बरोबर वाजवलं. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचाही हाच कायदा, आणि त्या पार्टीचे मुख्य गायक माझे आप्पा.

मग आप्पांचा घसा गेला. नुसता बसलाय म्हणून एका डॉक्टरने पावसाळाभर गोळ्या दिल्या. पुण्यात गाठ काढली तोवर ती पसरली होती. मी पत्रकं काढणारी पोरगी. दुसऱ्यांच्या बापांसाठी कचेऱ्या हलवल्या आणि घरात खोकला ऐकत बसले. याची चीड गेलेली नाही. जाऊही नये.

खाटेवरून त्यांनी एकच मागितलं. मी तान्ही असताना त्यांनी दोन कडव्यांचा एक पाळणा रचला होता. पार्टीत तो कधी गायला नाही, फार हळू म्हणून.

"त्यो वाजीव. बोटांनी, एकेक तार. सगळा ऐकायचाय."

मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ बघत बसले. उजव्या हाताची बोटं चार दिवसांत वळणावर आली. डावा हात सुटेना. अंगठा गिटारच्या दांडीमागून असा रोवायचे की मनगटापासून कोपरापर्यंत आग व्हायची, आणि बोट पुढच्या सुरावर जाईपर्यंत गाणं थांबायचं.

"तार दाबतीस का कुणाचा गळा?" आप्पा फाटक्या आवाजात म्हणाले.

"त्या डॉक्टरचा."

ते हसले, मग लई वेळ खोकले. "त्याच्यावर पत्रक काढ. हितं अंगठा काढ."

अंगठा काढला. तार खरखरली.

"खरखर थांबंल एवढंच दाब. वर गुंजभरबी नगं."

मोबाईलवरचा मास्तर तेच सांगत होता. मला पटत नव्हतं. सैल सोडून काही मिळतं, हे आम्ही कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं.

पहिलं कडवं कसंबसं बसलं. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच एक बोट सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं. तिथं हाताची पुन्हा मूठ व्हायची. आप्पा डोळे मिटून तिथवर ऐकायचे. मी थांबले की हातानेच खुणवायचे, पुढं.

"उद्या, आप्पा."

असे बारा-तेरा उद्या झाले. मग आप्पा गेले.

जलदानाच्या विधीला पार्टी आली, माईक लागला. पेटीवाल्या काकांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "वाजीव बाई, त्यांचा पाळणा."

पहिलं कडवं वाजवलं. हात सैल होता, एकही तार खरखरली नाही. दुसऱ्यासाठी बोट आडवं टाकलं आणि उचललं.

"पुढचं?" काकांनी विचारलं.

"त्यांनी एवढंच ऐकलंय," म्हटलं, आणि गिटार खाली ठेवली.