आरशावरची वाफ

चामोर्शीच्या तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझा मसुदा सहसा परत येत नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु त्या काळी माझ्या घरात बोलणारा मी एकटाच होतो. पत्नी निवर्तली होती. कन्या दीपा दुभंगलेल्या टाळूसह जन्मली. टाळू लहानपणीच शिवला गेला आणि प्रकरण निकाली निघाले असे मी समजलो. शब्द तरीही नाकातून येत. शाळेत मुली नक्कल करू लागल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीने बोलणेच सोडले. मी त्यास आळस ठरविले आणि सर्वत्र तिच्या वतीने उत्तरे देऊ लागलो. संध्याकाळी आम्ही समोरासमोर जेवत असू. आवाज फक्त ताटांचा होई.

अखेर महादेवास रीतसर अर्ज लिहिला: विषय, कारणे, नम्र विनंती. दीपाला घेऊन मार्कंड्याच्या देवळात गेलो व तो पिंडीपुढे ठेवला. पुजाऱ्याने शिळ्या बेलपानांसोबत तो बाजूला सारला. खिन्न होऊन बाहेर आलो आणि दीपाला "नीट बोल" म्हणून दटावू लागलो. तेव्हा कुंकू-आरसे विकणारी एक बाई उठून आली. तिने लहानसा आरसा दीपाच्या नाकाखाली धरून तिला "पापा" म्हणावयास लावले. आरसा वाफेने धुरकटला.

"भाऊ, पोरीले काऊन रागावता? हवा नाकातून जाऊन राह्यली तिची. माह्या पोराचंही असंच होतं. चंद्रपूरले बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आहेत, तिथं न्या."

त्या मॅडमनीही प्रथम आरसाच धरला. बोलताना टाळूचा मागचा भाग नाकाची वाट बंद करीत नाही, यात आळस कोठेच नाही, असे तपासणीअंती कळले. दुसरी शस्त्रक्रिया झाली. पुढे रोजचा सराव. मला एकच पथ्य मिळाले: तिच्या वतीने बोलायचे नाही, थांबायचे. तोंडाशी आलेली उत्तरे गिळताना मला फार एकटे वाटे. माझी पोर इतकी वर्षे अशाच एकटेपणात बसली होती, हे तेव्हा उमगले.

वर्षभराने आम्ही दोघे पुन्हा मार्कंड्याला गेलो. ती बाई दिसली नाही. विचारपूस केली, कोणास सांगता आले नाही. संकल्पासाठी पुजाऱ्याने नाव विचारले व माझ्याकडे पाहिले. मी हात जोडून गप्प राहिलो.

"भाऊ, झोप लागली का?" रांगेतला मागचा एक जण म्हणाला.

"दीपा," ती म्हणाली. काही अक्षरे अजून कच्ची आहेत. ही दोन पक्की होती. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हे माहे बाबा. ह्यायचंही नाव घ्या."

आणि माझे नाव तिनेच सांगितले. त्या दिवशी देवाकडे मी कोणताही अर्ज नेला नव्हता.